खिडकीतून वाचलेली खार

ये गं, अशी जवळ सरक. एवढ्या लांबून तुला ऐकू यायचं नाही आणि मलाही आता ओरडून बोलवत नाही. दिवाळीत आलीस ती दोन दिवस, त्यातला दीड दिवस मोबाईलमध्ये मान घालून. जाताना एसटीच्या पायरीवर चढता चढता विचारतीस, "आजी, तुझ्या लहानपणी कार्टून होतं का गं?" मी तोंड उघडलं तोवर कंडक्टरनं बेल मारली. असं असतं का कुठं? माणसाला काही विचारलं तर उत्तराला तरी थांबावं.

ते उत्तर तेव्हापासून घरात तसंच पडून आहे. इथं दुसरं कोण विचारणार? तुझे आजोबा गेल्यापासून मी आणि ही भिंतीवरची पाल, दोघीच. म्हणून म्हणलं, तू समोर बसलीयस असं धरावं आणि वहीत लिहून काढावं. आता मध्ये उठू नकोस.

तर, होतं. आमच्या लहानपणी एक कार्टून होतं. एकच. आठवड्यातून एकदा, गुरुवारी, दहा-बारा मिनिटं. तुमच्यासारखं दिवसभर नाही. रंगही नव्हते त्याला. एक खार होती, नाकावरून घसरणारा चष्मा लावलेली, पाठीला दप्तर. तिच्या गोष्टीच्या पुस्तकातले शब्द वाऱ्यानं उडून रानोमाळ झाले होते आणि ती ते शोधत हिंडायची. एका गुरुवारी एक शब्द झाडाच्या ढोलीत, दुसऱ्या गुरुवारी एक बैलगाडीच्या चाकाखाली. सापडला की झटकून पुसायची, पुस्तकात नेऊन चिकटवायची. मग पुस्तक आमच्याकडं फिरवून म्हणायची, "आता तू वाच." झालं, संपलं. एवढंच.

मी बहात्तरच्या दुष्काळात जन्मले. माय सांगायची, खडी फोडायच्या कामावर झोळी बांधून तुला निजवत होते, म्हणून तुझी झोप अशी दगडासारखी. तो दुष्काळ मला आठवत नाही. मला आठवतो तो नंतरचा, मी अकरा-बारा वर्षांची होते तेव्हाचा. आमचं गाव बेंबळीपासून चालत तासाभरावर. त्या साली ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. बाप दोन्ही बैल घेऊन छावणीवर गेला, जनावरांची छावणी असायची ना सरकारी, चारा तिथंच मिळायचा, तर माणसानंही तिथंच राहायचं. माय नालाबंडिंगच्या, म्हणजे नाल्याला बांध घालायच्या सरकारी कामावर. दिवस उगवायच्या आत जायची आणि दिवस बुडाल्यावर यायची. घरी मी, एक म्हैस, चार शेळ्या आणि एक बोकड.

शाळा दुसरीतनंच सुटली होती. शेळ्या कोणी राखायच्या? अक्षरं तोंडओळखीची होती माझ्या. क बघितला की क म्हणायची, म बघितला की म. पण ती एकाला एक जोडून शब्द काही व्हायचा नाही. लग्नाच्या मांडवात सगळे ओळखीचे दिसावेत पण कोण कोणाचं लागतं ते कळू नये, तसं. माझ्या वयाच्या पोरी शाळेत, मोठी माणसं कामावर. दुपारी गावात कुत्रं भुंकलं तरी मला बरं वाटायचं, कोणीतरी बोललं म्हणून. मी शेळ्यांशी बोलायची. बोकड तेवढा ऐकून घ्यायचा, शेळ्यांना सवड नसायची.

आणि गुरुवारी संध्याकाळी ती खार.

टीव्ही होता दूध डेरीत. गावच्या दूध सोसायटीनं आणला होता, लाकडी पेटीतला, पेटीला दोन दारं आणि दारांना कुलूप. त्याची किल्ली मामांच्या जानव्याला नव्हे, कमरेच्या करगोट्याला असायची. मामा म्हणजे डेरीत दूध मापून घेणारे. सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं, त्यांच्या सासुरवाडीची माणसंसुद्धा. संध्याकाळचं दूध घेऊन झालं, कॅन टेम्पोत चढले, की मामा हात धुऊन, पुसून, मग कुलूप काढायचे. देवाचं दार उघडावं तसं. एक जण पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचा. खालून ओरडा, "मुंग्या हायत, मुंग्या हायत, आजून जरा सोलापूरकडं." मग चित्र यायचं.

पहिल्यांदा सगळं गाव घुसायचं. मग मामांनी नियम केला. ज्याच्या घरचं अर्ध्या लिटरचं माप भरलं, त्याच्या घरचं पोर सतरंजीवर. बाकीचे बाहेर. मामा म्हणायचे, "डेरी दुधावर चालती, गर्दीवर न्हाई." नियम काही वाईट माणसानं केलेला नव्हता, ते मी आता म्हणते. तेव्हा म्हणत नव्हते.

आमची म्हैस तोवर दोन लिटर द्यायची. पेंड बंद झाली, हिरवं तर कुठं दिसेना, तशी ती आटत चालली. दीडावर आली, एकावर आली, आणि एका गुरुवारी मी धार काढली तर तांब्यात अर्ध्याला चार बोटं कमी. मी म्हशीकडं बघितलं, म्हशीनं माझ्याकडं बघितलं. तिचा तरी काय दोष. आणि शेजारीच शेळी उभी.

तू हसशील. मी शेळी पिळली आणि तेवढी चार बोटं भरून काढली.

डेरीत शेळीचं दूध घेत नसत, हे मला ठाऊक होतं. पण पांढऱ्यात पांढरं, कोणाला दिसणार आहे? त्या दिवशी माप भरलं, मी सतरंजीवर बसले, खारीला त्या दिवशी शब्द सापडला तो देवळाच्या घंटेत. घरी येताना मी उड्या मारत आले.

मग ते रोजचंच झालं. मामांना फक्त गुरुवारचं माप दिसतं असं थोडंच होतं, रोज अर्धा लिटर गेलं तर गुरुवारी शंका नाही, एवढी अक्कल होती मला. म्हैस घटत गेली आणि शेळी वाढत गेली. मायला पत्ता नव्हता. ती येऊन भाकरी खाताखाताच पेंगायची.

आता माझी चूक काय झाली ते ऐक. शेळ्यांना आणि बोकडाला मी एकाच दावणीला बांधायची. ज्याच्या घरी शेरडं आहेत त्याला सांगावं लागत नाही, बोकड जवळ असला की दुधाला त्याचा वास लागतो. मला तो वास येतच नव्हता. मी दिवसभर त्यांच्यातच असायची, माझ्याच अंगाला तो होता.

एका सकाळी टेम्पो आला आणि आमच्या गावचा अख्खा कॅन परत घेऊन आला. चिलिंग सेंटरवर, गावोगावचं दूध थंड करतात तिथं, झाकण उघडून वास घेतला आणि ठेवून घेतलाच नाही. दुष्काळात, बाई. लोक स्वतःच्या लेकरांच्या तोंडचं काढून डेरीत घालत होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा कॅन परत. त्या संध्याकाळी मामा दारात खुर्ची टाकून बसले आणि एकेकाचं भांडं नाकाला लावायला लागले. माझा नंबर आला. पळून जावं असं वाटलं, पण मागं रांग होती.

मामांनी वास घेतला. पुन्हा घेतला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "पोरी, तुमची म्हैस बोकडासंगं नांदाय गेली व्हय गं?"

सगळी रांग हसली. मी पण हसले, काय करावं ते न सुचून. मग मामांचं तोंड बघितलं आणि हसू गेलं. मागनं एक बाई म्हणाली, "दोन दिस आमचं दूध वतून दिलं, अन् ही दात काढती." तिचं काही चुकलं नव्हतं.

मामांनी दूध मला तसंच परत दिलं. "म्हैस पुन्ना व्येईस्तोवर तुमचं दूध न्हाई. अन् सतरंजीबी न्हाई."

मायला दुसऱ्या दिवशी कामावरच कळलं. तिथल्या बायांनी सांगितलं, त्याही दूध घालणाऱ्याच. घरी येऊन तिनं मला मारलं नाही. चुलीपुढं बसली आणि म्हणाली, "कशापायी केलंस?" मी म्हणलं, "खारीपायी." तिला वाटलं मी उलटून बोलतेय. टीव्ही तिनं कधी बघितलेलाच नव्हता. मी तिला खार काय, चष्मा काय, सगळं सांगायला लागले, आणि मध्येच बघितलं तर माय बसल्या जागी झोपली होती. हातावर दगडांचे ओरखडे तसेच. त्या दिवशी मला जेवढं एकटं वाटलं तेवढं रानातही कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी पाय डेरीकडंच गेले. आत जाता येत नव्हतं. पण बाजूला एक खिडकी होती, गजांची, काचेची तावदानं लावलेली. धुराळा लई म्हणून ती बंदच असायची. पहिल्या दिवशी तिथं माझ्यासारखी आणखी पाच-सहा पोरं होती. टाचा उंचावून काचेला नाकं लावून बघितलं, चित्र दिसलं, आवाज मात्र येईना. खार तोंड हलवतीय, आत पोरं हसतायत, आणि आपल्याला काही कळत नाही. कंटाळून सगळी निघून गेली. मी राहिले. मला जायला दुसरीकडं कुठं होतं?

आणि तेव्हा मला ते दिसलं, जे आत बसून कधी दिसलं नव्हतं. खार बोलायची ना, ते खाली पडद्यावर लिहून यायचं. मोठाल्या, गोल अक्षरांत, एकेक शब्द, सावकाश. आत आवाज ऐकू येत होता तर खाली कशाला कोण बघतंय. बाहेर दुसरं काही नव्हतंच बघायला.

पहिल्या गुरुवारी मला नुसती अक्षरं ओळखू आली. क, म, त. तोवर ती निघून जायची, दुसरी यायची. मग आठवडाभर शेळ्यांमागं हिंडताना मी तीच अक्षरं काठीनं मातीत काढायची. खारीनं तोंड कसं हलवलं होतं ते आठवायची आणि तसं तोंड हलवून बघायची. ओठ मिटले तर म असणार. असं करत करत दोन शब्द जुळले, "आता" आणि "तू". ते दर वेळी शेवटी यायचेच ना. मग तिसरा आपोआप आला. "वाच."

आता तू वाच. खिडकीबाहेर उभी राहून मी ते म्हणलं, काचेवर वाफ धरली, ती पुसली, तोवर दुसरंच काही लागलं होतं. कोणाला सांगावं? सांगायला कोणी नव्हतं. बोकडाला सांगितलं.

मग तो विहिरीचा गुरुवार आला. तो मी मरेपर्यंत विसरायची नाही. खार एका विहिरीवर गेली, आत वाकून बघितलं, चष्मा पडला. ती दोरीनं आत उतरली. माझा जीव वरखाली. तिचं तोंड हललं आणि खाली शब्द आले. एक, दोन, तीन. आणि या खेपेला मी एकही अक्षर सुटं बघितलं नाही गं. अख्खाच्या अख्खा शब्द एकदम आत आला, माणूस दारातून येतो तसा. मी मोठ्यानं वाचलं.

"विहिरीत पाणी आहे."

एवढ्या मोठ्यानं, की माझं मलाच ऐकू आलं. माझ्या मागं रस्त्यानं एक म्हातारी चालली होती, डोक्यावर रिकामी घागर, कमरेवर दुसरी. टँकर आला नव्हता त्या दिवशी. ती जागच्या जागी थांबली.

"कुठल्या?"

मी वळून बघितलं.

"कुठल्या हिरीत गं? मळ्यातल्या? का वड्याकाठच्या?" आणि मी काही बोलायच्या आत तिनं मागं वळून हाक घातली, "आगं ए, या गं, हिरीला पाणी लागलंय म्हनं." दोन घरांतून बाया घागरी घेऊन बाहेर आल्या. एक तर हात राखेचेच घेऊन आली. सगळ्या माझ्याकडं बघतायत. मला खाली जमीन दुभंगावी असं झालं.

मी म्हणलं, "टीव्हीतल्या."

मग ती म्हातारी डेरीच्या पायरीवर घागर ठेवून बसली. मला वाटलं आता शिव्या देणार. ती म्हणाली, "तिथंतर तिथं. कुठंतरी हाय म्हनायचं." आणि पदरानं तोंड पुसून हसायला लागली. राखेच्या हाताची बाई म्हणाली, "बघ बया, आदी दुधात बोकड, आता टीव्हीत पाणी. ह्या पोरीचा कायबी नेम न्हाई." मग बाकीच्याही हसल्या. हसल्या आणि रिकाम्या घागरी घेऊन घरात गेल्या.

गलका ऐकून मामा बाहेर आले होते. मला म्हणाले, "तुला आत बोलल्यालं हितं ऐकू येतंय व्हय?"

"न्हाई, मामा."

"मंग तुला कसं कळालं, हिरीत पाणी हाय म्हणून?"

"खाली लिवलंय."

मामा वाकून काचेतून बघायला लागले. बराच वेळ बघितलं. गावाचं दूध ते मापायचे, पण वाचायला त्यांना चष्मा लागायचा आणि तो घरी असायचा. मग म्हणाले, "आत ये. बस सतरंजीवर."

मी दारातून आत बघितलं. सतरंजीवरची पोरं माझ्याकडं बघत होती, आणि एकीनं नाकाला ओढणी लावली, उगीच, खेळानं. मी म्हणलं, "हितंच बरं हाय, मामा."

मामांनी आग्रह केला नाही. आत गेले आणि एक रिकामा कॅन आणून खिडकीखाली पालथा घातला. "टाचा दुखत असतील," म्हणाले. बास. पुढं त्या कॅनवर उभी राहून मी खार बघितली, एकटीनं, दर गुरुवारी. मामांनी तो कॅन त्यानंतर टेम्पोत कधी चढवला नाही.

आता तुला वाटेल, पुढं मोठी गंमत झाली असणार. काही नाही झालं. एका गुरुवारी खारीच्या जागी एक साहेब लागले, खताविषयी बोलत होते. त्यांच्याही खाली लिहून आलं असतं तर वाचलं असतं, पण आलं नाही. मी पुढच्या गुरुवारी गेले. त्याच्या पुढच्याही गुरुवारी गेले. खार आली नाही. तिचं पुस्तक भरलं का, किती शब्द राहिले, वाऱ्यावर गेलेले सगळे सापडले का, कोणी सांगितलं नाही. मामांना विचारलं तर म्हणाले, "आगं, ते मुंबैवाल्यांच्या हातात." पाऊस पडला, बाप बैल घेऊन परत आला, पुढं म्हैसही व्याली. माय म्हणाली, "जा, आता बस सतरंजीवर, माप भरलंय." मी गेले, बसले, आणि टीव्हीत बघण्यासारखं काही नव्हतं.

वाचायचं मात्र सुटलं नाही. किराणाच्या पुड्यांचे कागद वाचले. एसटीच्या पाट्या वाचल्या, "उस्मानाबाद" वाचायला मला महिना लागला, त्या जोडाक्षरानं घाम काढला. सोळाव्या वर्षी लग्न झालं तर सासरी दिराची शाळेची पुस्तकं होती, ती भाकरी थापताना पुढं ठेवायची. सासूबाई म्हणायच्या, भाकरीला शाई लागंल. नंतर तुझी आई शाळेत गेली, तिचं एकेक पुस्तक तिच्या आधी मी वाचून काढायची. पुढं वह्यांत असल्या आठवणी एवढ्या लिहायला लागले की लोक म्हणतात पुस्तक काढा. मी म्हणते, शाळेचा दाखला विचारू नका म्हणजे झालं.

मागच्या महिन्यात माहेरी गेले होते. डेरी कधीची बंद पडलीय, त्या खोलीत आता कोणाची तरी खताची पोती असतात. खिडकी आहे. तावदानं गेली, गज आहेत. मी जराशी उभी राहिले. आता कॅन लागत नाही, डोकं पोचतं.

आणि तिथं उभी असताना मला एक गोष्ट ध्यानात आली, ती तुला सांगायची म्हणून हे सगळं. मला त्या खारीचा आवाज आठवत नाही. सतरंजीवर बसून कितीतरी गुरुवार ऐकलेला, पण बाहेर उभी राहायला लागल्यापासून तो पुसलाच गेला. मी वाचताना माझ्याच आवाजात ती बोलायला लागली आणि मग तशीच राहिली. चाळीस वर्षं झाली, मी काहीही वाचलं की मला माझाच आवाज ऐकू येतो. घरात दुसरा नाहीच. तुझ्या आईला म्हणलं, मोबाईलमध्ये शोध बाई ती खार. तिनं लई शोधली, सापडली नाही.

तुझी आई सांगत होती, तू इंग्रजी घडाघडा वाचतीस आणि मराठी आलं की अडखळतीस, मग पुस्तक मिटून ठेवतीस. मिटू नकोस गं. अडखळ खुशाल. इथं सतरंजीवरून हसायला कोणी बसलेलं नाही. मी ही वही मोठ्या अक्षरांत लिहिलीय, एकेक शब्द सुटा ठेवून, ते कशासाठी? आईला वाचून दाखव म्हणू नकोस, तुझी तू वाच. जिथं अडेल तिथं बोट ठेवून खूण कर.

आणि मग ती वही घेऊन ये. मे महिन्याची वाट बघू नकोस, शनिवार-रविवार जोडून ये, इकडची गाडी दुपारी असती, मी फाट्यावर येऊन थांबते. दोघी उंबऱ्यात बसू. मी काही बोलणार नाही, तू मोठ्यानं वाचायचं, हळू वाचलंस तरी चालेल. मला या घरात दुसऱ्या कोणाचा तरी आवाज ऐकायचाय. ये गं लवकर.